पहिले घर आणि जमिनीचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची वर्षे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कामात घातली. सभासदांची वर्गणी गोळा करणे, कलेक्टर कचेरीत जमिनीच्या अर्जामागे हिंडणे, घटनेचा मसुदा करणे, असे ते बिनप्रसिद्धीचे काम होते. म्हणून निमंत्रण आले तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. आज मी पहिल्या घराबद्दल बोलणार आहे. गुंतवणूक म्हणून दुसरा-तिसरा फ्लॅट घेणारे या व्याख्यानात नाहीत. ज्यांच्या नावावर आज एकही भिंत नाही, अकरा महिन्यांचा करार संपत आला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, मुलाची शाळा कोणत्या स्टेशनाजवळ घ्यावी हे ज्यांना ठरवता येत नाही, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

आधी हिशेब मांडतो, कारण या प्रश्नावर भाषणे पुष्कळ होतात आणि आकडेमोड मात्र घरी रात्री उशिरा, नवरा-बायकोत, हळू आवाजात होते.

समजा, ठाण्यात दोन खोल्या-स्वयंपाकघराचे एक घर ८० लाखांना आहे. आज तिथे ही किंमत कोणाला अवाजवी वाटणार नाही, हेच मुळात चिंतेचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे कर्ज ६४ लाख, आणि १६ लाख स्वतःचे. ठाण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, ते झाले ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारतीचे काम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो. बेरीज केली की ताबा मिळण्यापूर्वी रोख लागणारी रक्कम २६ लाखांच्या आसपास येते. पार्किंग, सोसायटीची आगाऊ देखभाल, वकील आणि दिवाबत्तीची जोडणी मी यात धरलेली नाही.

आता ६४ लाखांच्या कर्जाचा हप्ता पाहू. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी तो सुमारे ५५ हजार ५०० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४५ हजार रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम दहा हजारांचे. दर तेवढाच राहिला तर वीस वर्षांत ६४ लाखांचे १ कोटी ३३ लाख होतात. बँका साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करतात. त्यामुळे या घरासाठी दोघांचे मिळून महिना १ लाख १० हजार हातात यायला हवेत. एक परिचारिका आणि एक खासगी कंपनीतला हिशेबनीस मिळून ९० हजार घरी आणत असतील, तर त्यांना साधारण ५२ लाखांचेच कर्ज बसते. पगारातून ते महिना १५ हजार बाजूला टाकत असतील, तर नुसते २६ लाख साठायला चौदा वर्षे लागतील. त्या चौदा वर्षांत घर ८० लाखांवर थांबणार नाही.

हे कुटुंब गरीब नाही, हे लक्षात घ्या. सरकारी वर्गवारीत ते अल्प उत्पन्न गटाच्याही वर, मध्यम गटात येते. शहरे चालवतात ती हीच माणसे. आणि त्यांना शहरात घर घेता येत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे उल्लेख कशासाठी हे कळेल. गेली तीस वर्षे आपण कर्जालाच गृहनिर्माणाचे धोरण मानत आलो. व्याजाला सवलत, करात वजावट, हप्त्याची मुदत वाढवून देणे यांतून घर घेण्याची ऐपत वाढेल असे धरून चाललो. पण सिमेंट-सळई आणि मजुरीचा खर्च ठाण्यात आणि लातुरात फार वेगळा नसतो. किमतीत जो प्रचंड फरक पडतो तो जमिनीचा. जमीन मोकळ्या लिलावात ठेवून खरेदीदाराच्या हातात जास्त कर्ज दिले की ते जास्तीचे कर्ज जमीनमालकाकडे जाते. घर परवडते ते जमीन भावाच्या शर्यतीतून बाहेर काढल्यावर. आपल्याकडे ज्या ज्या पिढीला घर मिळाले, तिला ते असेच मिळाले.

मुंबईच्या गावदेवीत १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी तिचा पाया घातला. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथली मानली जाते. १८९६च्या प्लेगने चाळींची दशा उघडी पाडली होती. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला होता, रस्ते रुंद होत होते, नव्या वसाहती आखल्या जात होत्या. तालमकींचा विचार साधा होता: एकट्याने जमीन घेणे कारकुनाला शक्य नाही, पण वीसजण एकत्र आले, जमीन संस्थेच्या नावावर राहिली आणि सभासदाने मासिक रक्कम भरून राहायचे ठरवले, तर शक्य आहे. पुढे शहराच्या उपनगरांत आणि पुण्यातही ही चळवळ पसरली.

त्याच सुमारास, १९२० साली मुंबई सरकारने विकास खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत सुख होते असे मी म्हणणार नाही, आणि चाळीतल्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्यांना त्या सार्वजनिक नळावरची पहाटेची रांग आठवून पाहायला सांगेन. पण गिरणीत नोकरी धरणाऱ्या सातारा-कोकणातल्या माणसाला गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पगाराला झेपेल अशा भाड्यात खोली मिळत होती.

स्वातंत्र्यानंतर १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. युद्धकाळातल्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे गरजेचेच होते. पण तात्पुरता कायदा पन्नास वर्षे चालला, आणि भाड्यासाठी घरे बांधणे कोणालाच परवडेनासे झाले. मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी रुजली. मालकीच्या फ्लॅटचा धंदा वाढला आणि त्याला वेसण घालण्यासाठी १९६३ साली मालकी हक्क सदनिका कायदा, म्हणजे आपण ज्याला 'मोफा' म्हणतो तो, करावा लागला. भाड्याचे घर हा आयुष्यभराचा सन्माननीय पर्याय तिथे संपला. 'स्वतःचे नाही तर काहीच नाही' ही आपली मनोवृत्ती उपजत नाही, ती या धोरणाने घडवली.

साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने सहकारी संस्थांना सवलतीत जमिनी दिल्या. वांद्र्याचे साहित्य सहवास, पत्रकारनगर आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कितीतरी सोसायट्या अशा उभ्या राहिल्या. घरे बांधणाऱ्या सरकारी संस्था आल्या: १९७०मध्ये सिडको, १९७७मध्ये म्हाडा. गृहकर्ज देणारी एचडीएफसीही १९७७चीच. एच. टी. पारेख यांनी ती काढली तोवर नोकरदार माणूस घर बांधत असे ते निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिधीच्या पैशांतून. तिशी-पस्तिशीत घर घेता येईल ही सोय गृहकर्जाने केली, हे मान्य केलेच पाहिजे. कर्ज वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. जमिनीची सोय होती तोवर कर्ज हे उत्तम साधन होते. जमीन मोकळी सुटली आणि साधनच धोरण बनले.

ती कशी सुटली याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे गिरणगाव आहे, आणि तिथे मी थोडा थांबणार आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर एकेक गिरणी आजारी पडली, बंद झाली, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन उरली. यातल्या बऱ्याच जमिनी मुळात उद्योगासाठी म्हणून भाडेपट्ट्यावर दिलेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. कोणत्याही शहराने अभिमानाने सांगावा असा हा नियम होता. दोनशे एकर बागा-मैदाने आणि दोनशे एकर साध्या माणसांची घरे, तीही परळ-लालबागला!

२००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची व्हायची, असा अर्थ निघाला. गिरणीच्या आवारात शेड आणि इमारतीच अधिक, मोकळी जागा ती केवढी! दोनशे एकरांच्या वाट्याचे तुकडे उरले. पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या एका संस्थेने न्यायालयात दाद मागितली, २००५मध्ये उच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शासकीय अधिसूचनेतल्या काही ओळींनी या शहरातल्या हजारो कुटुंबांचे संभाव्य पहिले घर गेले. त्या ओळींवर महाराष्ट्रात जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

कामगारांचे काय झाले? त्यांच्यासाठी सोडत निघाली ती २८ जून २०१२ला, संपानंतर तीस वर्षांनी, ६,९२५ घरांची. अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या घरात. अजूनही बहुतेकांच्या हाती किल्ली आलेली नाही. मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली, तेव्हा जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानात बसल्या आणि म्हणाल्या, घर मुंबईत द्या. काहींना ती मागणी अवास्तव वाटली. मला ती पूर्ण न्याय्य वाटते. ज्या जमिनीवर त्यांनी घाम गाळला, त्या जमिनीचा तिसरा हिस्सा कायद्यानेच घरांसाठी ठेवलेला होता.

घरांसाठी जमीन मिळवण्याचे दुसरे दार होते नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे. १९७६चा हा कायदा. शहरातली जादा जमीन सरकारने घ्यावी आणि घरांसाठी वापरावी, हा हेतू. प्रत्यक्षात कलम २०खालच्या सवलतींनी तो पोखरला गेला, भ्रष्टाचारही झाला, ताब्यात आली ती जमीन थोडी. पण हाच कायदा हातात धरून मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत जादा जमिनीसाठी लढा दिला, न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या आणि कमी उत्पन्नाच्या ६ हजारांवर कुटुंबांना घरे मिळवून दिली. पोखरलेल्या कायद्यातूनही एवढे होऊ शकले. नोव्हेंबर २००७मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला. जमीन मोकळी होईल, पुरवठा वाढेल, भाव उतरतील असे तेव्हा सांगितले गेले. पुढच्या वर्षांत भाव कोणत्या दिशेने गेले, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता कर्जाच्या धोरणाकडे येतो. जून २०१५मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यातल्या कर्जाशी जोडलेल्या अनुदानातून पात्र कुटुंबाला २ लाख ६७ हजारांपर्यंत लाभ होई. तो भाग २०२२पर्यंत संपला. सप्टेंबर २०२४पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी, कर्ज २५ लाखांच्या आत हवे. जालना, परभणी, अहिल्यानगरच्या माणसाला याचा उपयोग आहे, आणि तो होतोही. पण मुंबई-ठाण्यात कायदेशीर इमारतीतले ३५ लाखांचे घर कुठे शोधायचे? जीएसटीच्या १ टक्का दराची मर्यादा ४५ लाख आहे, तीही २०१९पासून हललेली नाही. पूर्वी घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत करवजावट मिळे. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ती मिळत नाही, आणि आता तीच प्रणाली मूळ धरली जाते.

व्याजदराचा फटका तर अनेकांना कळतसुद्धा नाही. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी चलदराची गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाह्य दराला जोडली गेली. २०२१मध्ये पावणेसात टक्क्यांना कर्ज मिळत होते. अनेक तरुणांनी तेव्हाच पहिले घर घेतले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो अडीच टक्क्यांनी वाढला. वीस वर्षांच्या कर्जाचा पावणेसात टक्क्यांचा हप्ता लाखाला ७६० रुपये येतो. सव्वानऊ टक्क्यांनी लाखाचे महिन्याचे नुसते व्याज होते ७७१ रुपये. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटण्याऐवजी वाढते. बँकांनी काय केले? मुदत वाढवली. पन्नाशीला मोकळे होऊ म्हणणाऱ्यांच्या कागदावर निवृत्तीनंतरची वर्षे येऊन बसली. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि मुदत किती लांबते ते स्पष्ट कळवा. आपले कर्ज असेल तर बँकेकडून परतफेडीचे ताजे वेळापत्रक मागून घ्या. पुढे दर कमी झाले, पण आपल्या खात्यात ते उतरले की नाही, हे मागितल्याशिवाय समजत नाही.

हप्ता झेपावा म्हणून माणूस शहराच्या बाहेर सरकतो. गिरगावातून दादर, दादरहून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर, आणि आता नेरळ-वांगणी. चौरस फुटामागे वाचलेले पैसे तो रोज तीन-चार तासांनी फेडतो, आणि कधी जिवाने. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काहीजण गेले. तो अपघात रेल्वेचा म्हणून नोंदला गेला. मी तो गृहनिर्माणाचाही मानतो.

आणि लांब जाऊनही घर खरे असेल याची शाश्वती नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचे प्रकरण आपण वाचले असेल. महापालिकेची बनावट परवानगी तयार केली गेली, तिच्या आधारे महारेरा या गृहप्रकल्प नियामकाचा नोंदणी क्रमांक मिळवला गेला, त्या क्रमांकावर विश्वास ठेवून लोकांनी घरे घेतली, बँकांनी कर्जे दिली, निबंधक कार्यालयात दस्त नोंदले गेले, सरकारने मुद्रांक शुल्क घेतले. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. हजारो कुटुंबे, आणि बहुतेकांचे ते पहिलेच घर. त्याच हिवाळ्यात नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या. त्या सांडपाणी प्रकल्पाच्या आणि कचराभूमीच्या आरक्षित जागेवर उभ्या होत्या. न्यायालयाचा आदेश कायद्याला धरून होता. पण साखळीतल्या प्रत्येक कचेरीने आपापले शुल्क घेतले आणि शिक्षा झाली ती फक्त शेवटी उभ्या असलेल्या खरेदीदाराला, हे मला सहन होत नाही. घर पाडले तरी हप्ता चालू राहतो.

१ मे २०१७पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा कायद्याने बरेच काही सुधारले, हे मी मनापासून सांगतो. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिन्याचे आणि लिफ्टचे क्षेत्रफळ गळ्यात मारणे थांबले, किंमत कार्पेटवर आली. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यातच ठेवावे लागतात. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे विकासकावर आहे. पण नोंदणी देताना मूळ परवानगी महापालिकेकडून पडताळून घेण्याची व्यवस्था आधीच भक्कम असती, तर त्या ६५ इमारतींत कोणी सामान हलवले नसते. रेरा व्यवहार स्वच्छ करतो, स्वस्त करत नाही. ते त्याचे कामही नाही.

मग म्हाडा काय करते? मुंबई मंडळाने २०२३मध्ये ४,०८२ घरांची सोडत काढली, २०२४मध्ये २,०३० घरांची. दोन्ही वेळा अर्ज लाखाच्या वर. २०२३च्या सोडतीत ताडदेवच्या घरांची किंमत साडेसात कोटींच्या आसपास होती. लोकांच्या जमिनीवरच्या घराची किंमत बाजारभावाच्या टक्केवारीने ठरू लागली की सोडत ही सवलत राहत नाही. शिवाय मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. सोडतीतले घर पाच वर्षे विकता येत नाही. त्यानंतर ते खुल्या बाजारात जाते. पहिल्या माणसाला घर परवडले, दुसऱ्याला ते बाजारभावानेच घ्यावे लागते. सवलतीच्या जमिनीवरच्या जुन्या सोसायट्यांचेही हेच झाले. तालमकींच्या पिढीने जमीन शर्यतीतून बाहेर काढली, नंतरच्या पिढीने ती शर्यतीत परत सोडली. लाभ घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. नियमच तसे केले गेले. सार्वजनिक जमीन म्हणजे गळक्या हंड्यात भरलेले पाणी झाले आहे: दर पिढीने पुन्हा भरायचे, आणि आता विहीरच आटत चालली आहे.

यावर उपाय अवघड नाही. सार्वजनिक जमिनीवरचे घर सभासदाच्या नावावर असावे, जमीन मात्र भाडेपट्ट्याने सरकारची किंवा संस्थेचीच राहावी. घर सोडायचे झाले तर भरलेली किंमत महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढवून म्हाडाने परत घ्यावे आणि त्याच किमतीला रांगेतल्या पुढच्याला द्यावे. विकणाऱ्याचे नुकसान नाही, आणि एकाच जमिनीवर तीन-चार पिढ्यांना पहिले घर मिळेल. सिंगापूरने १९६०मध्ये गृहनिर्माण मंडळ काढले, १९६६च्या कायद्याने जमीन मोठ्या प्रमाणावर सरकारकडे घेतली आणि ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घरे दिली. तिथल्या बहुसंख्य कुटुंबांना घर मिळाले ते त्यामुळे. व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेची भाड्याची घरे बांधायला घेतली आणि ती विकून टाकली नाहीत. तिथला साधा नोकरदार आजही शहराच्या आतच राहतो.

आणि परदेशच कशाला, सोलापूरला या. तिथल्या विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था काढली. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरे उभी राहिली, २००६मध्ये ती कामगारांच्या ताब्यात गेली. त्यानंतर रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४मध्ये दिला गेला. विडी वळणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या, यंत्रमागावरच्या कामगारांची ही घरे आहेत. त्यांना कोणती बँक ६४ लाख देणार होती? त्यांची ऐपत कोणी वाढवली नाही. जमीन स्वस्त मिळवली, केंद्र आणि राज्याचे अनुदान थेट बांधकामात घातले, नफेखोर मध्ये येऊ दिला नाही, आणि कामगारांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. वसाहतीत अडचणी आहेत, पाण्याच्या आहेत, कामाच्या ठिकाणापर्यंतच्या अंतराच्या आहेत. तरीही ज्यांना कोणीच घर देणार नव्हते त्यांच्या नावाची पाटी दारावर लागली.

भाड्याबद्दल थोडक्यात बोलतो. ८० लाखांचे तेच घर भाड्याने घेतले तर आजच्या घडीला साधारण २० ते २५ हजारांत मिळते, हप्त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. तरी लोक हप्ता पत्करतात, कारण भाड्यात स्थैर्य नाही. अकरा महिन्यांनी काय होईल ते मालक ठरवतो. आडनाव पाहून, धर्म पाहून, स्वयंपाकात काय शिजते ते विचारून, मुलगी एकटी राहते म्हणून घर नाकारले जाते. हे आपल्या शिकलेल्या सोसायट्यांमध्ये चालते आणि आपण गप्प बसतो. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. पाच-दहा वर्षांचा खात्रीचा करार, ठरलेली भाडेवाढ आणि मालकाला घर वेळेवर परत मिळण्याची जलद न्यायव्यवस्था एवढे दिले, तर कितीतरी तरुणांना तिशीतच गळ्यात कर्ज अडकवून घ्यावे लागणार नाही.

मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे ब्रीद. २०३०पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. २००७नंतर प्रथमच असे धोरण आले, त्याचे मी स्वागत करतो. शासकीय जमिनींची नोंद एकत्र करण्याची कल्पना त्यात आहे, ती तर फारच गरजेची. पण धोरणातली घरे कोणत्या जमिनीवर येणार आणि ती जमीन कोणाची राहणार, हे ठरल्याशिवाय ३५ लाख हा आकडाच राहील. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के छोटी घरे ठेवण्याचा नियम गेली दहा-बारा वर्षे पुस्तकात आहे. नाशिकमध्ये ती घरे म्हाडाकडे आली का, हा वाद २०२२मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. नियम करणारे आणि तो पाळला जातो का हे पाहणारे यांच्यामध्ये कोणाला तरी उभे राहावे लागते.

ते कोणी तरी आपणच आहोत, म्हणून शेवटी आपल्याला एक काम सांगतो. आपल्या गावच्या विकास आराखड्यात घरांसाठी, शाळेसाठी, मैदानासाठी राखलेले भूखंड असतात. एखादे आरक्षण बदलायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७खाली महापालिकेला नोटीस प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना असतो. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात येते आणि बहुतेक वेळा एकही हरकत येत नाही. घरांच्या आरक्षणाची जमीन दुसऱ्या कामाला वळवण्याची अशी नोटीस आपल्या वॉर्डात निघाली, तर कृपया ती वाचा, लेखी हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. पाच-पन्नास नागरिक सुनावणीला आले की फाइल सहजासहजी पुढे सरकत नाही. आजचे आयोजक दर महिन्याला अशा नोटिसा वाचनालयाच्या फलकावर लावायला तयार आहेत. त्यांना त्यासाठी चार स्वयंसेवक हवे आहेत. सभागृहातून बाहेर पडताना आपली नावे कृपया टेबलावरच्या वहीत लिहून जावीत.